धन्यवाद! पुन्हा या

रविवार, २० ऑक्टोबर

ही डायरी सुवार्ताने गेल्या नोव्हेंबरात आणून ठेवली होती. दरवर्षी आणायची. दरवर्षी मी म्हणायचो, मला कशाला? मग तीच त्यात दूधवाल्याचे खाडे लिहायची. यंदा ती नाही आणि दूधही मी बंद केलं. जानेवारीपासूनची सगळी पानं कोरी आहेत. आज लिहायला घेतली, कारण आज कुणाशी तरी भांडायची गरज आहे आणि घरात दुसरं कोणी नाही.

उपासना संपल्यावर भोरे पाळकांनी मला दारातच गाठलं. वय तेहतीस, दाढी कोरलेली, उत्साह उतू चाललेला. म्हणाले, "शांतवनकाका, एक जबाबदारी आहे." चर्चच्या आवारातली जुन्या पुस्तकांची खोली रिकामी करून तिला 'विसावा' नाव द्यायचं ठरलंय. मिरजेत इस्पितळं ढीगभर. जतपासून खटावपर्यंतची माणसं इथे येतात. त्यातलं कोणी गेलं, की कागद आणि गाडी होईपर्यंत घरचे लोक जिन्यात नाहीतर झाडाखाली उभे असतात. त्यांना बसायला जागा, चहा आणि सोबत शिदोरी द्यायची. कोणत्या धर्माचे ते विचारायचं नाही. त्यांनी सांगितल्याशिवाय प्रार्थनाही करायची नाही.

कल्पना चांगली आहे. पण मीच का?

"तुम्ही एकतीस वर्षं मिरज जंक्शनला चौकशीच्या खिडकीत बसलात. माणसांशी बोलायची सवय आहे."

खिडकीतला माणूस माणसांशी बोलत नाही. गाडी कुठल्या फलाटावर आणि किती उशिरा, एवढंच सांगतो. तेही तिसऱ्यांदा विचारलं की ओरडून. हे मी पाळकांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "नावच शांतवन आहे तुमचं, आता काय करणार!" वडिलांनी हे नाव कुठल्या भरात ठेवलं कोण जाणे. साठ वर्षं लोक हाच विनोद करतायत.

मग जाता जाता मुद्द्यावर आले. "नऊ डिसेंबरला सुवार्ताकाकूंना वर्ष होतं. घरी उपकारस्तुती ठेवू या ना?"

आमच्यात माणूस गेल्याला वर्ष झालं की घरी भक्ती ठेवतात. चार माणसं जमतात, त्याच्या आयुष्याबद्दल देवाचे उपकार मानतात, मग जेवतात. तिला म्हणतात उपकारस्तुती. मी विचारलं, "उपकार कोणी केले? कधी? मला तर दिसले नाहीत." मी घरी आलो. ठेवणार नाही. विषय संपला.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

विषय संपला, पण खोली गळ्यात पडलीच. स्वयंपाकाला अंबूबाई सातपुते. वय पंचाहत्तर. कमी ऐकू येतं, पण फक्त माझंच. आल्या आल्या सुरू झाल्या.

"गेल्या वर्साला माझा डबा तसाच माघारी धाडलासा. मटकीची आमटी हुती. झाकन बी उघडलं न्हवतं."

"मी मागवला होता का?"

"मयताच्या घरात कुनी मागवतंय व्हय डबा?"

तेव्हा एका दिवसात चौदा डबे आले होते. दोन माणसांच्या घरातलं एक गेलं, तर चौदा डबे कशाला? मी सगळेच्या सगळे, भरलेले, संध्याकाळच्या आत परत पोचवले. त्यानंतर कोणी आणले नाहीत. बरंच झालं.

आज चाचणी म्हणून भाकरी आणि पिठलं केलं. सांगितल्या होत्या बारा भाकरी, केल्या तेरा. विचारलं तर म्हणे, पीठ उरलं हुतं. तेरावी वाया घालवायची का? घरी आणून खाल्ली.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

पहिलं कुटुंब आलं. रस्त्यावर आकाशकंदिलांची गर्दी आणि त्यातून वाट काढत चार माणसं आणि एक सून. मी दारात बसलो होतो. सवयीने तोंडातून गेलं, "बोला, कुठं जायचंय?" त्यातला थोरला म्हणाला, "कवठ्याला," आणि मटकन खाली बसून रडायला लागला.

एकतीस वर्षांत माझ्या प्रश्नावर कोणी रडलं नव्हतं. चहा दिला.

पाळकांनी त्यांच्यापुढे ताटं मांडली होती. मीच बाजूला घेऊन सांगितलं, अग्नी दिल्याशिवाय ही माणसं जेवणार नाहीत. चहा द्या आणि भाकरी बांधून द्या. घरी गेल्यावर चूल पेटवायची नसते, तेव्हा ती लागते. पाळक वहीत लिहून घ्यायला लागले. सेमिनरीत काय शिकवतात यांना?

आजही एक भाकरी जास्त. अंबूबाईंना मोजता येत नाही, हे आता सिद्ध झालं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

निवडणुकीचे भोंगे सकाळी आठपासून. तीन गाड्या, तीन गाणी, एकाच चौकात. त्यात धनाजी पेंटरचा फोन. खोलीच्या दोन पाट्या त्याच्याकडे दिल्या आहेत. बाहेरच्या बाजूला 'विसावा. बसा, चहा घ्या' हे पाळकांनी लिहून दिलंय. धनाजी विचारत होता, आतल्या बाजूला, म्हणजे निघताना दिसेल तिथे, काय लिहू? पाळक म्हणाले होते म्हणे, आभाराचे चार शब्द असू द्या, आपल्याला सेवा करू दिली म्हणून.

मी म्हटलं, पाळकांना विचार. तो म्हणाला, ते फोन उचलत नाहीत, आणि मला उमेदवाराच्या सात भिंती रंगवायच्यात. बाहेर भोंगा, कानात धनाजी. मी ओरडलो, "अरे, आभाराचं काहीतरी लिही की! रोज तेच लिहितोस ना?" आणि फोन ठेवला.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहायची इच्छा नाही. लिहितो.

अकराच्या सुमाराला वडूजकडची माणसं आली. बनुबाई, सत्तरीच्या, आणि त्यांचा मुलगा मानसिंग, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. बनुबाईंचे मालक नाथाजी पहाटे गेले होते. मानसिंग कागदांसाठी धावत होता. बनुबाई भिंतीला टेकून बसल्या. मी चहा ठेवला, त्यांनी बघितला नाही. तापवून आणला, तरी नाही. तिसऱ्यांदा तापवून आणला तेव्हा माझा आवाज चढलाच असावा. त्या म्हणाल्या, "साकर चालत न्हाई मला, बाबा."

आत जाऊन नवा केला, बिनसाखरेचा. पातेलं हातातून निसटलं, अर्धा सांडला. अंबूबाई म्हणाल्या, द्या मी करते. मी म्हटलं, नको. पुन्हा ठेवला. कप त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी पूर्ण पिईपर्यंत तिथेच उभा राहिलो. का उभा राहिलो ते माहीत नाही.

गाडी आली. अंबूबाईंनी भाकऱ्या बांधून दिल्या. मानसिंगने आईला धरून उठवलं, दोघं दाराशी गेले, आणि तो थांबला. दारावर वर बघत होता. मी नेहमी मागच्या दाराने जातो, तिकडे बघितलंच नव्हतं. लाल अक्षरं, खाली वेलबुट्टी:

धन्यवाद! पुन्हा या

"आवं, ह्ये काय लिवलंय? पुन्हा या? आमच्या घरात आजून कोन मरायचं ऱ्हायलंय?"

दुखवट्याच्या घरातून निघणारा 'येतो' म्हणत नाही, आणि घरचा माणूस 'या' म्हणत नाही. हे या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हॉटेलच्या दारात लिहितात ते आम्ही मयताच्या दारात लिहून ठेवलं होतं. मी काहीतरी बोललो. बहुधा "असुविधेबद्दल खेद आहे" असंच म्हणालो. देवा, खरंच तेच म्हणालो.

मानसिंगने भाकरीची पिशवी खाली टाकली. बनुबाईंनी ती उचलली, पदराखाली धरली आणि गाडीत बसल्या.

धनाजीला फोनवर झाडझाड झाडलं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

आतली पाटी उतरवून घरी आणली. सकाळपासून खरवडतोय. 'धन्यवाद' गेलं. 'पुन्हा या' जात नाही. धनाजीने नेमका इथे ऑइल पेंट दोनदा मारलाय. रॉकेल मिळालं नाही, थिनर आणला, तरी तिरप्या उजेडात दिसतंच.

धनाजीचा दोष नाही. मीच म्हणालो होतो, रोज लिहितोस ते लिही.

खरवडताना एक आठवलं. गेल्या डिसेंबरात माझ्या घरूनही माणसं अशीच गप उठून गेली होती. 'येतो' कोणी म्हणालं नाही. 'या' मीही म्हणालो नाही. पुढे माझ्याकडून ते म्हणायचं राहूनच गेलं.

रविवार, १७ नोव्हेंबर

पाळकांना राजीनामा दिला. कार्बन ठेवून, दोन प्रतींत. त्यांनी न वाचता खिशात घातला आणि म्हणाले, "उद्या दहाला विट्याच्या माणसांना मयत ताब्यात मिळायचंय, ती इथे येतील, काका. चहापूड संपलीय."

हा काय प्रकार आहे? राजीनामा दिलेल्या माणसाने चहापूड आणायची?

आणली.

चर्चच्या मंडळीतल्या दोघातिघांचं म्हणणं आहे, खोली बंद करावी, उगाच बोभाटा नको. डिसेंबरच्या सभेत ठरेल. बंद झाली तर माझी सुटका. मग मला त्यांचा राग का आला, ते कळत नाही.

मानसिंगचा नंबर रजिस्टरात होता. माफी मागायला फोन केला. "कोन? मिरजंचं?" आणि कट.

सोमवार, २ डिसेंबर

अंबूबाई: "नवाला काय करायचं म्हनता?"

मी: "काही नाही."

अंबूबाई: "काय? ऐकू येत न्हाई."

मी तीनदा सांगितलं. तीनदा ऐकू आलं नाही. आजही भाकरी एक जास्त.

गुरुवार, ५ डिसेंबर

दुपारी एकच्या सुमाराला खोलीत कोणी नव्हतं. मी कप विसळत होतो. मागून आवाज आला, "हाय का कोन?"

बनुबाई. मागे मानसिंग, काखेत पिठाची पिशवी, नजर जमिनीवर. मला वाटलं, आता दुसरा अंक सुरू होणार. मीच आधी बोलायला लागलो की चूक माझी, पेंटरची नाही, फोनवर मी...

बनुबाईंनी हात हलवला. "आवं, आदी बसू तर द्या."

बसल्या. इस्पितळातून एक कागद न्यायचा राहिला होता, त्यासाठी मानसिंग निघाला, आणि त्या म्हणाल्या मी पण येते.

"ह्येला इचारलं, बाबा, त्या दिशी पाटीवर आसं काय लिवलं हुतं? ह्यो म्हनला, पुन्हा या म्हनून लिवलंय. म्हनलं, आरं मग बोलावलंय न्हवं आपल्याला? आपन बोलावल्यावर जायाचं न्हाई, ही कुटली रीत?"

मानसिंग पुटपुटला, "आई, त्ये तसं नसतंय..."

"गप. मला वाचाय येत न्हाई, पर बोलावनं कळतंय." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अग्नी देऊन घरी आलो, दिवस मावळाय आला हुता. तुमची भाकरी सोडून खाल्ली. आमच्यात त्याला कडू घास म्हंत्यात. पयला कडू घास सोयऱ्यानं घालायचा आसतोय. त्यो तुमचा झाला. म्हंजी तुमी सोयरं झालासा का न्हाई?" पिशवी पुढे सरकवली. "घरच्या जोंधळ्याचं पीठ हाय. मोकळ्या हातानं कसं यावं?"

मी चहा ठेवायला उठलो. बिनसाखरेचा. त्या म्हणाल्या, "ध्येनात ऱ्हायलं तुमच्या. मालकीन कुटं हाय तुमची?"

आणि मी सांगितलं. वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं, पाळकांनासुद्धा नाही, ते मी वडूजकडच्या एका बाईला, हातात गाळणी धरून सांगितलं. सुवार्ता बारा दिवस इस्पितळात होती. नऊ तारखेला सकाळी म्हणाली, चहा प्यावासा वाटतो. मी 'आलोच' म्हणून खाली कँटीनला गेलो. तिला साखर चालत नव्हती. बिनसाखरेचा सांगितला, त्या माणसाने साखर घातली. मी भांडलो. तो म्हणाला, एवढ्याशा साखरेनं काय होतंय? मी आणखी भांडलो. मला भांडायला लागलं की वेळ कळत नाही. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. वर आलो तेव्हा नर्स पडदा ओढत होती. कप माझ्या हातात तसाच गरम होता.

आम्हाला मूलबाळ नाही. तिच्याजवळ तेव्हा कोणी नव्हतं. मग मी कोणत्या तोंडाने उपकारस्तुती ठेवू?

बनुबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिला साकर चालत न्हवती म्हनूनच भांडलासा न्हवं?"

"हो."

"मग तिच्यापायीच भांडत हुता की. तिला सोडून कुटं ग्येला हुता?"

मी रडलो. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही. मानसिंगने येऊन हातातली गाळणी काढून घेतली आणि चहा त्यानेच गाळला. फौजेतली शिस्त, एक थेंब सांडला नाही. मग म्हणाला, "काका, त्या दिशी मी लय बोललो." मी म्हटलं, "बरोबरच बोललात."

बनुबाईंनी विचारलं, "तुमच्यात घालत्यात का कडू घास?" मी म्हटलं, डबे येतात. चौदा आले होते, मी परत पाठवले. त्या आ वासून बघत राहिल्या. "म्हंजी वरीस झालं, तुमच्या घरात घास झालाच न्हाई?" तेवढ्यात अंबूबाई आतून ताट घेऊन आल्या. पिठलं-भाकरी. कोणी सांगितलं नव्हतं. आज जास्तीची भाकरी आधीच ताटात होती. बनुबाईंनी एक घास मोडून माझ्या हातावर ठेवला. खाल्ला. पिठल्यात मिरची जास्त होती.

निघायला उठले दोघं. रीतीप्रमाणे मी गप्प उभा राहायला हवं होतं. त्यांच्या घराला अजून महिना झालेला नाही. पण तोंडातून गेलं, "नऊ तारखेला, सोमवारी, माझ्या घरी उपकारस्तुती आहे. या."

आतून अंबूबाईंचा आवाज आला, "काय म्हनलासा? नवाला?" या वेळी एका दमात ऐकू आलं.

बनुबाई मानसिंगकडे बघून म्हणाल्या, "बग, परत बोलावलं." मग मला म्हणाल्या, "येते."

शनिवार, ७ डिसेंबर

खोली बंद करायचा विषय सभेत आला. मानसिंग गुरुवारी जाताना पाळकांकडे पत्र देऊन गेला होता, ते त्यांनी वाचून दाखवलं. चार ओळी, सुभेदारी अक्षर, खाली सैन्य क्रमांक. विषय बारगळला. माझा राजीनामा पाळकांच्या खिशातच आहे. परत मागितला, तर म्हणाले, कोट धुवायला टाकलाय.

धनाजीला पाटी दिली. माझ्या घराच्या दाराला आतून लावायची, असं सांगितलं. तो भीत भीत म्हणाला, "काका, लिहू काय?" मी म्हटलं, "तेच. या वेळी ऑइल पेंट तीनदा मार."

सोमवार, ९ डिसेंबर

सकाळी दहाला भक्ती. घरात एवढी माणसं मावतात हे मला माहीत नव्हतं. चपलांचा ढीग थेट रस्त्यापर्यंत गेला, त्यावरून शेजाऱ्याशी वाद झाला, पण छोटा.

पाळकांनी विचारलं, तुम्ही दोन शब्द बोलाल का? मी कागदावर लिहून आणलं होतं, चष्मा सापडला नाही. म्हटलं, "सुवार्ताने चौतीस वर्षं माझी चिडचिड ऐकली. कंटाळली असेल, पण बोलली नाही. त्याबद्दल देवाचे उपकार. तिचेही. तेव्हा सांगायचं राहिलं होतं." बनुबाई पहिल्या रांगेत होत्या. आमची गाणी त्यांना येत नव्हती, तरी टाळ्यांनी ताल धरत होत्या, थोड्या मागे पडून.

डबे चौदा आले. कोणी सांगितलं नव्हतं. अंबूबाईंचा तोच, झाकणाला पोचा असलेला. मटकीची आमटी. सगळ्यांदेखत दोनदा वाढून घेतली.

निघताना माणसं दाराशी थांबून पाटी वाचत होती. वाचून झालं की एकेक जण मागे वळून म्हणायचा, "येतो, काका." मी प्रत्येकाला "या" म्हटलं. घसा बसला.

मंगळवार, १० डिसेंबर

चौदा डबे घासून पालथे घातलेत. उद्या पोचते करायचे. रिकामा डबा परत देत नाहीत, त्यात काहीतरी घालावं लागतं. काय घालायचं? बनुबाईंचं पीठ आहे. अंबूबाईंना विचारलं. म्हणाल्या, शिकवते, भाकऱ्या तुमीच थापा.

पहिल्या तीन फाटल्या, चौथी जळली. त्यांनी मात्र बसल्या बसल्या पंधरा थापल्या. डबे चौदा. या बाईचं एवढं वय झालं, तरी मोजता कसं येत नाही, ते मला खरंच कळत नाही.

पंधरावी खाल्ली.